रामनगर ते कोगनोळी : न झालेल्या अपघाताच्या वाटेनं

शुक्रवार, रामनगर

बेळगावहून गोव्याला जाणारी बस लोंढ्याच्या पुढं रामनगरच्या नाक्यावर थांबते. इथून एक रस्ता अनमोड घाटाकडं जातो, एक अळणावरवरून धारवाडला आणि एक जगलबेट, जोयडा करत कारवारकडं. दिवाळी अंकासाठी किशोर कादंबरिका लिहायला घेतली आहे. तिच्यातला पोरगा या नाक्यावरच्या ढाब्यात कपबशा धुतो आणि रात्री तिथल्याच बाकड्यावर झोपतो. वय पंधरा. आईबाप, घर, रेशनकार्ड, यातलं काहीच त्याच्याकडं नाही. दक्षिणेकडच्या एका अणुवीज केंद्रात अपघात होतो, बाजार रिकामा होतो, ढाबेवाला बायकापोरांना गाडीत घालतो आणि याला "तू मागनं ये" म्हणून निघून जातो. मग हा एकटा चालत लोंढा, खानापूर, बेळगाव, निपाणी करत महाराष्ट्राच्या हद्दीला जातो.

सुरुवातीची प्रकरणं मी भाच्याला वाचायला दिली होती. तो खानापूरला दहावीत आहे. वाचून म्हणाला, "मावशी, हा झोपतोय कुठं? खातोय काय? तू नुसतं 'दिवस मावळला' लिहून मोकळी." म्हणून त्यालाच बरोबर घेतला. त्याच्या शाळेचं काय, यावरून माझी बहीण माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

गोष्टीत केंद्राचं नाव नाही, पण आपल्या भागातला वाचक कैगाच धरणार, तेव्हा तेही बोलून टाकते. कैगा काळी नदीच्या काठी, कारवार तालुक्यात. २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या. पहिल्या दोन २००० साली रीतसर सुरू झाल्या, चौथी २०११ साली. त्यातली एक न थांबता सलग ९६२ दिवस चालली, तो २०१८ साली जगातला विक्रम होता. १९९४ साली बांधकाम चालू असताना एका अणुभट्टीच्या घुमटाचं काँक्रीट आतून कोसळलं होतं, आणि २००९ साली कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये अणुभट्टीतलं, किरणोत्सारी ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं होतं. पण गावं रिकामी करावी लागतील असं तिथं कधी काही झालेलं नाही. मला तिथल्या अणुभट्टीवर लिहायचंच नाही. मला त्या बाकड्यावरच्या पोरावर लिहायचंय.

आपल्याकडं केंद्राभोवतीच्या सोळा किलोमीटरच्या टापूसाठी आणीबाणीची योजना आखलेली असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, ठरावीक काळानं सरावही होतो. रामनगर त्या टापूच्या कितीतरी बाहेर, सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर. म्हणजे इथं सरकारी बस येणार नाही, कर्णा लावलेली जीप फिरणार नाही. लोक पळणार ते मोबाईलवरचे निरोप वाचून, ज्याची त्याची गाडी घेऊन. अणुभट्टीचा स्फोट झालेल्या चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात गावात २७ एप्रिल १९८६ ला दुपारी बसगाड्यांची रांग लागली आणि दोन-तीन तासांत जवळजवळ पन्नास हजार माणसं हलली. कागदपत्रं आणि दोन-तीन दिवसांचं सामान घ्या, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांना कुणी परत राहायला आणलं नाही. तरी ती हलली ती इमारतवार, यादीनुसार. आमचा पोरगा कुठल्याच यादीत नाही.

रामनगर हेच मुळात उठवलेल्या लोकांचं गाव. सुपा धरणात जुनं सुपं बुडालं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला गेलं आणि पुष्कळ घरं इथं आली. चहाच्या दुकानात एक आजी भेटल्या, कोकणी-मराठी मिसळून बोलणाऱ्या. घराची कौलं मोजून उतरवली, ट्रकात गवत घालून आणली, तरी अर्धी फुटली, हे त्यांनी हाताच्या खुणांसकट सांगितलं. मी विचारलं, ज्यांचं घरच नव्हतं, नुसती राबायला होती, त्यांचं काय झालं?

"ती गेली गो खंयतरी."

भाच्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. ढाब्याचं बाकडं त्यानं तोवर बघून घेतलं होतं. फळी दीड फूट रुंद, एका अंगानं पाय आखूड. "ह्याच्यावर कूस बदलता येत नाही. लिही ते."

शनिवार, लोंढा, गुंजी

आज पायी. निदान तसं ठरलं होतं. लोंढ्यापर्यंत एका टेंपोवाल्यानं सोडलं, कारण पाऊस असा लागला की छत्री उघडून उपयोग नव्हता.

हा पाऊसच गोष्टीतला खरा खलनायक आहे. अपघातानंतर किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर जाते, पण जमिनीवर उतरवतो तिला पाऊस. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात मार्च २०११ मध्ये अपघात झाला तेव्हा वीस किलोमीटरच्या आतली गावं हलवली, आणि सगळ्यात वाईट अवस्था झालेल्या गावांत इताते हे चाळीसेक किलोमीटरवरचं गावही निघालं, कारण वारा तिकडं वळला आणि तिथं पाऊस-बर्फ पडलं. त्याहून वाईट म्हणजे नामिए गावचे लोक जीव वाचवायला वायव्येला त्सुशिमा वस्तीत जाऊन राहिले आणि ढग नेमका त्याच दिशेला गेला. ढग कुठं जाणार याचे संगणकी अंदाज सरकारकडं होते. ते या लोकांपर्यंत वेळेत पोचले नाहीत.

मग आमच्या पोरानं रामनगरच्या नाक्यावर कुठं वळायचं? पावसाळी वारा नैऋत्येचा. ढग दांडेली, हल्याळ, धारवाडच्या अंगाला सरकणार. ढाबेवाला धारवाडला गेला, कारण तिथं त्याचा मेव्हणा आहे. म्हणजे तो ढगाबरोबरच निघाला. पोराला धारवाडात कुणी नाही. तो लोंढ्याकडं चालू लागतो, कारण रेल्वे तिकडं आहे आणि स्टेशनवर छप्पर असतं. शहाणपणानं नव्हे, पण वाऱ्याला आडवा जातो. भाच्याला हे पटलं. "हां, आता बरोबर. ह्याला वारं-बिरं काय माहीत असायचं."

गुंजीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला दोन बायका पानांच्या द्रोणात अळंबी घेऊन बसल्या होत्या. पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ उगवतात ती, देठाला माती लागलेली, छत्री अजून न उघडलेली. खानापूरच्या बाजूला याची भाजी म्हणजे मटणाच्या तोडीची. आम्ही द्रोण घेतला. घेताना डोक्यात एकच, की गोष्टीतल्या पोराला नेमकं हेच खाऊन चालणार नाही. अशा अपघातात सिझियम नावाचं किरणोत्सारी द्रव्यही जमिनीवर पडतं, आणि जंगलातली अळंबी ते मातीतून ओढून घेण्यात पटाईत. चेर्नोबिलनंतर इतकी वर्षं झाली तरी जर्मनीच्या दक्षिणेकडच्या रानडुकरांच्या मांसात ते सापडतं, कारण ती डुकरं जमिनीखालच्या छत्र्या उकरून खातात. सिझियम १३७ निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात.

मग खायचं काय? फणस. वरची साल धुवायची, चाकू पुसायचा, आतला गरा खायचा. आठळ्या भाजायच्या. जोयड्याकडचे कुणबी कोन नावाचा कंद लावतात, जमिनीखालचा, तोही पहिल्या दिवसांत पानांपेक्षा बरा. आणि ढाब्यातून उचललेले पारले-जीचे पुडे, कारण बंद पाकिटाच्या आत धूळ जात नाही. भाचा म्हणाला, "चोरी म्हणजे." म्हटलं, हो, चोरी.

रविवार, खानापूर

बहिणीच्या घरी अळंबीची भाजी आणि तांदळाची भाकरी. बहीण वाढताना म्हणाली, "खा की, का त्यातबी अणुबाँब आहे?"

खानापूरची माती चिकण. कौलं, विटा, मडकी हे इथलं जुनं काम, ग्रामीण कुंभारकामाचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्थाही गावात आहे. भाच्याच्या ओळखीनं एक बंद पडलेली भट्टी बघायला मिळाली. मालकांनी एवढंच सांगितलं, आत साप असतोय, काठी आपटून जावा.

कमानीच्या तोंडातून वाकून आत गेलो. आत उभं राहता येतं. भिंत विटांची, आतल्या अंगाला भाजून भाजून काचेसारखी चकाकी आलेली, बोट फिरवलं तर गुळगुळीत आणि मध्येच धारदार. जमिनीवर कौलांच्या खापऱ्या, त्यावर वटवाघळांची लेंडी. वर घुमट. एका जागी वीट निसटलेली, तिथून पाण्याची धार. भाच्यानं तोंडाशी उभं राहून भिंतीची जाडी वितांनी मोजली. तीन वीत आणि चार बोटं. मग खिशातून मोबाईल काढला.

"मावशी, रेंज गेली."

मोबाईलच्या लहरी वेगळ्या आणि गॅमा किरण वेगळे, हे त्याला सांगितलं. पण तत्त्व तेवढंच : मध्ये विटांचा, मातीचा, काँक्रीटचा जितका थर, तितका बाहेरचा मारा कमी. अशा अपघातात पहिला सल्ला पळा असा नसतो, तो घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, सांगेपर्यंत बाहेर पडू नका असा असतो. आपल्या गावाकडच्या कौलारू घरात वाऱ्याला शंभर वाटा. त्यापेक्षा ही भट्टी कितीतरी भक्कम. पोरगा इथं दोन रात्री काढतो, हे प्रकरण जागच्या जागी ठरलं.

दुसरा सल्ला असा की आत येण्याआधी वरचे कपडे काढून पिशवीत बांधा, अंग धुवा. कपड्यांबरोबर अंगावरची बहुतेक धूळ निघून जाते. वाचायला सोपं आहे. आमच्या पोराकडं अंगावरचा एकच जोड आहे आणि बाहेर पाऊस आहे. मी भाच्याला विचारलं, तू काय करशील? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काढीन. पण लई थंडी वाजंल. आणि कोण आलं तर?"

तिसरी गोष्ट आयोडीनची. अपघातात बाहेर पडणारं आयोडीन १३१ गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं, लहान मुलांत जास्तच. ती जागा आधीच साध्या आयोडीननं भरून ठेवायची म्हणून पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या देतात. त्या ढग येण्याच्या थोडं आधी किंवा नंतरच्या काही तासांतच कामाच्या, आणि थायरॉइडपलीकडं कशावरच चालत नाहीत. गोळ्या ठेवणार, वाटणार ते नियोजनाच्या टापूत. भाचा लगेच, "मीठ खाईल की मूठभर. आयोडीनवालंच असतंय." फुकुशिमानंतर २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी नेमकं हेच केलं, दुकानांतलं मीठ संपवलं. पुरेसं आयोडीन मिळायला मीठ किलोंनी खावं लागेल, त्याआधीच माणूस आडवा. तरी गोष्टीत पोरगा मीठ चाटतोच. त्याला ढाब्यावरच्या टीव्हीवर 'आयोडीन' एवढंच ऐकू आलेलं असतं.

संध्याकाळी मलप्रभेच्या पुलावर गेलो. नदी तांबडी, काठोकाठ. ही कणकुंबीला उगवते, जिथला पाऊस इथल्या पावसालाही लाजवील, आणि पुढं सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात जाते. तिथून हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी. म्हणजे कणकुंबीच्या रानात एक सर पडली तर ढाबेवाल्याच्या मेव्हण्याच्या नळाला ती आज ना उद्या येणारच. गोष्टीत हे घालायचं का, ठरत नाहीये. पोराला ते कळायचं काही कारण नाही आणि निवेदकाच्या तोंडी घातलं तर भूगोलाचा तास होतो.

सोमवार, बेळगाव

खानापूर ते बेळगाव रेल्वेनं. इदलहोंड, देसूर, मग बेळगाव. तिकीट काढून, खिडकीत बसून. पोरगा या पट्ट्यात मालगाडीला लोंबकळतो, ते आम्ही करून पाहिलं नाही.

स्टेशनवर एकट्या मुलांसाठी १०९८ या मदतीच्या फोन नंबरचा फलक आहे. मुलांसाठी काम केलेल्या एका ओळखीच्या बाई भेटल्या, त्यांना मी गोष्ट सांगितली. त्या अपघाताकडं वळल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, पोरगा कुणाला सापडतो? रेल्वे पोलिसांना सापडला तर चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यायचा. समिती नाव विचारणार, गाव विचारणार, बापाचं नाव विचारणार. मग निवासगृह. आईबापांचा शोध. "कायदा बरा आहे," त्या म्हणाल्या, "पण पोरं स्टेशनवरून पळतात ती बहुतेक या प्रश्नांना भिऊन. त्यांना वाटतं, खरं सांगितलं तर जिथून पळून आलो तिथंच परत धाडतील." मग थोडं थांबून, "तुमचा पोरगा तर बरा, त्याला परत धाडायला जागाच नाही."

मी विचारलं, त्या भागातून आलाय हे कळल्यावर इतर मुलं त्याला जवळ घेतील का?

"२०२० साल आठवा."

आठवलं. करोनाच्या त्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच लेकरांना गावच्या शाळेत कोंडलं होतं, जेवणाचं ताट खिडकीतून सरकवत होते, काही गावांनी रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या. तेव्हा निदान रोग संसर्गाचा होता. किरणोत्साराची धूळ धुतली की गेली, एकाच्या अंगाला शिवून दुसऱ्याला 'लागत' नाही. तरी फुकुशिमाहून योकोहामाला गेलेल्या एका मुलाला शाळेतली पोरं 'जंतू' म्हणून हाक मारत आणि पैसे उकळत. २०१६ साली ते प्रकरण बाहेर आलं. तो घर असलेला, आईबाप असलेला मुलगा होता.

बाईंनी आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. माझ्या लेखनात पोरगा बेळगावात आल्यावर रडतो. "नाही रडत. ही पोरं पहिले काही दिवस खातात आणि झोपतात. रडणं पुढं येतं, आणि तेही भलत्याच कारणानं, चप्पल हरवली म्हणून."

दुपारी भाच्याला कुंदा पाहिजे होता. बेळगावात येऊन कुंदा नाही म्हणजे काय. मी अर्धा किलो बांधून घेतला आणि दुकानाबाहेर उभ्या उभ्या त्याला दुधाचं सांगितलं. चेर्नोबिलनंतर हजारो मुलांना थायरॉइडचा कर्करोग झाला, त्यामागं मोठं कारण दूध होतं. धूळ गवतावर, गवत गाईच्या पोटात, तिथून आयोडीन दुधात, आणि दूध प्यायची ती मुलंच. आयोडीन १३१ आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याच्याही निम्मं. म्हणजे दोन-तीन महिने ताज्या दुधापासून लांब राहिलं, डब्यातली जुनी पावडर वापरली, तर हा धोका टळतो. हे तेव्हा तिथल्या लोकांना वेळेवर सांगितलं नाही. किरणोत्सारात सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट मला हीच वाटते : मुलांचे गळे एका साध्या सूचनेनं वाचले असते.

कुंदा म्हणजे दूध तासन् तास आटवून केलेला खवा. आमच्या गोष्टीत बेळगावातला कुणीतरी दयाळू दुकानदार उपाशी पोराच्या हातावर कुंद्याचा तुकडा ठेवतो. हे मी आधी लिहिलं होतं ते मायेचा प्रसंग म्हणून. आता तो तसाच ठेवणार आहे, एक ओळसुद्धा न बदलता. फक्त त्याच्या आधीच्या पानावर वारं फिरलेलं असेल.

"भारीच दुष्ट आहेस गे तू," भाचा म्हणाला, आणि डबा रिकामा केला.

मंगळवार, निपाणी, कोगनोळी

निपाणीत तंबाखूच्या वखारी बघितल्या. आत शिरलं की डोळ्यांत पाणी येतं आणि शिंका थांबत नाहीत. पोरगा इथं रात्र काढणार होता. भाच्यानं पाच मिनिटांत बाहेर येऊन तो बेत हाणून पाडला.

कोगनोळी टोलनाका. पलीकडं कागल, महाराष्ट्र. याच नाक्यावर २०२१ मध्ये कर्नाटकात शिरणाऱ्यांना करोनाची आरटीपीसीआर चाचणी दाखवावी लागत होती, गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. हद्दीच्या दोन्ही बाजूंना तीच भाषा, तीच सोयरीक, ऊसही एकाच कारखान्याला जायचा, पण कागद दाखवल्याशिवाय सुटका नाही. १९५६ पासून आपण ही रेघ चुकीच्या जागी आहे म्हणून भांडतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. माझ्या पोराच्या दृष्टीनं ती बरोबर जागी असती तरी फरक पडला नसता. रेघ कुठंही असो, तिच्यावरचा माणूस आधी विचारणार : कुठनं आलास, कुणाचा तू?

भाच्याचं म्हणणं, त्यानं रात्री दूधगंगा पोहून जावं. पावसाळ्यात? जमणार नाही म्हणून मी ते उडवून लावलं. मग तो म्हणाला, ट्रकच्या ताडपत्रीखाली. ते नेहमीचं आहे. नाक्याजवळच्या गाड्यावर भजी खात आमचा हा वाद चालला होता, आणि भजीवाला मध्येच तोंड घालून म्हणाला, "अहो ताई, बशीत बसवा की. तिकीट काढून. पोराला कोण विचारतंय?" तिकिटाचे पैसे कुठून आणायचे, एवढाच मुद्दा उरला.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं मला आधार दाखवायला सांगितलं आणि शून्य रुपयांचं तिकीट दिलं. २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. भाच्याचे पैसे घेतले.

"मावशी, मग पोरगी कर की त्याला. रामनगरपासून हितपर्यंत फुकट."

"आधार लागतंय. आत्ता बघितलंस ना."

"हां." निपाणी येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "आणि पोरगी असली तर त्या बाकड्यावर झोपंल काय?"

झोपणार नाही. भट्टीतही कपडे काढून दोन रात्री बसणार नाही. ढाबेवाला "मागनं ये" म्हणाला असता का, की उलट गाडीत घातली असती, आणि ते जास्त वाईट झालं असतं का? मी वहीत रामनगरचं पहिलं पान काढलं आणि 'पोरगा' या शब्दावर काट मारून बघितली. भाचा खांद्यावरून वाचत होता. म्हणाला, "आता कपबशा राहू देत. तिला भाकऱ्या थापायला ठेव, आत, चुलीजवळ. मग कुणाला दिसणारच नाही ती."